ज्यांच्या कानी खबर आली असती

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ही म्हण ज्यानं काढली, त्याचं घरदार धड असणार आणि बायको-लेकरं डोळ्यांसमोर असणार. राणीसावरगावच्या शिवकन्येला असलं शहाणपण परवडणारं नव्हतं. तिचा नवरा हरिओम लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पुण्याला कंपनीत लागतो म्हणून गेला. काही महिने फोन येत राहिले, मग नंबर बंद लागायला लागला. दीर पुण्याला जाऊन शोधून आला, तर खोलीवर दुसरीच पोरं राहत होती. त्या गोष्टीला बारा वर्षं होऊन गेली.

बारा वर्षं शिवकन्या ना सवाष्ण, ना विधवा. वाणाला तिला बोलवावं की नाही, यावर बाया तिच्या देखत कुजबुजायच्या. माहेरी भाऊ होते, त्यांनी आधी मायेनं नेलं. भावजया आल्यावर मात्र ती आली की परत कधी जाणार हेच आधी विचारलं जाऊ लागलं. तेव्हा तिनं सासरच आपलं मानलं. सासरे माणिकराव, सासू नर्मदाबाई, थोडी कोरडवाहू जमीन आणि एक म्हैस. माणिकरावांना लकवा मारला तेव्हा दीर वेगळा निघाला आणि त्यांचं हगणं-मुतणं हिनं काढलं, ते डोळे मिटेपर्यंत काढलं. पोटच्या लेकानं करायचं ते सुनेनं केलं, असं गाव म्हणायचं. म्हणायला गावाचं काय जातं?

सासूसुनेचं मात्र गुळपीठ होतं. दोघी एकाच ताटात जेवायच्या म्हटलं तरी चालेल. बारावं वर्ष सरलं तेव्हा गावचे जोशीबुवा अनंतराव घरी आले आणि म्हणाले की, आता शास्त्राप्रमाणे मोकळं व्हा. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे जिवाला गती मिळते. दिरानं पळसाची पानं आणूनही टाकली. नर्मदाबाईंनी ती उचलली आणि उकिरड्यावर नेऊन फेकली. म्हातारी एरवी जोशीबुवांच्या शब्दाबाहेर नव्हती, पण त्या दिवशी तिनं त्यांना चहासुद्धा विचारला नाही. गाव हळहळलं. माय ती माय, आस सोडत नाही, म्हणालं. शिवकन्येला त्या रात्री सासूबद्दल इतकी माया दाटून आली की तिनं म्हातारीचे पाय चेपून दिले.

पण आस धरून म्हातारीचं भागत होतं, शिवकन्येचं भागत नव्हतं. तिशी उलटून गेली होती. आणि त्याच सुमारास श्रीराम आला.

श्रीराम पूर्णेला रेल्वेत होता, बायको बाळंतपणात गेलेली, मूल नाही. त्याची बहीण राणीसावरगावातच दिलेली, तिनंच विषय काढला. तो एकदा येऊन ओसरीवर बसला, इकडचं-तिकडचं बोलला आणि चहा पिऊन झाल्यावर कप स्वतः विसळून ठेवला. शिवकन्येनं आयुष्यात पुरुषाला कप विसळताना पाहिलं नव्हतं. तिचं मन तिथंच गेलं, खोटं कशाला बोला. श्रीरामनं एकच अट घातली. सरकारी नोकरी आहे, पहिला नवरा कायद्यानं जिवंत असलेल्या बाईशी लग्न लावलं तर नोकरीवर गदा येईल. कोर्टाचा कागद आणा, मी थांबतो. त्याच्या आईला मात्र घाई होती, आणि तीही बिचारी चुकीची नव्हती. तिला हातपाय चालताहेत तोवर घरात सून हवी होती.

आता कागद आणायचा कुठून? आपल्याकडे पाणी मिळणार नाही, पण कायद्याचा सल्ला मागेल तितका मिळतो. मोबाइलवर एक काळा कोटवाला सात वर्षं म्हणे, दुसरा तीस म्हणे, जोशीबुवांचं बारा तर होतंच. तहसीलसमोर छत्री लावून बसणारा म्हणाला, कशाला एवढं, नवरा मेला असं बॉण्डवर लिहून देतो, दोन साक्षीदार आण. कायदा म्हणजे मोंढ्यातला धान्याचा भाव झाला होता, ज्याला विचारावं तो वेगळाच सांगे. शिवकन्या बारावी शिकलेली. तिनं ठरवलं, आपल्या डोळ्यांनी पुस्तकात वाचल्याशिवाय कुणावर विश्वास ठेवायचा नाही.

गंगाखेडच्या कोर्टात बायकांना फुकट वकील मिळतो हे तिला अंगणवाडीच्या बाईनं सांगितलं. मिळाल्या त्या सुमंगलाबाई, चाळिशीच्या, तोंडानं फटकळ आणि कामाला चोख. सात वर्षंच, त्यांनी एका वाक्यात सांगितलं. शिवकन्या म्हणाली, मला ते छापलेलं बघायचं आहे. दुसरा वकील असता तर हसला असता. सुमंगलाबाईंना एका तारखेसाठी परभणीला जायचंच होतं, त्या म्हणाल्या, चल माझ्याबरोबर.

परभणीच्या कोर्टात वकिलांची लायब्ररी होती. आत जाताना शिवकन्येनं चपला दाराबाहेर काढल्या, तेव्हा सुमंगलाबाईंनी त्या तिला परत घालायला लावल्या. आत लोखंडी कपाटंच कपाटं, त्यांत एकसारख्या जाड पुठ्ठ्यांची पुस्तकं, पाठीवर सोनेरी आकडे. सगळं इंग्रजीत. एवढा सगळा कायदा आपल्यासाठी लिहून ठेवलाय आणि त्यातलं अक्षर आपल्याला लागत नाही, हे पाहून तिला आधी गंमत वाटली आणि मग राग आला. शेवटी एका खालच्या फळीवर मराठी पुस्तक सापडलं. पान निघालं. कायदा नवा आला, कलमाचा नंबर बदलला, मजकूर तोच आहे, असं सुमंगलाबाई म्हणाल्या आणि आपल्या कामाला गेल्या.

शिवकन्येनं ते कलम बोट ठेवून वाचलं. जुनाट मराठी होतं, तिला ते फोडून फोडून समजून घ्यावं लागलं. माणूस जिवंत असता तर ज्यांच्या कानी त्याची खबर साहजिकच आली असती, त्यांनी सात वर्षांत त्याच्याबद्दल काहीएक ऐकलं नसेल, तर तो जिवंत आहे असं जो म्हणेल त्यानं ते सिद्ध करायचं. बस, एवढंच. सात वर्षं तर केव्हाच होऊन गेली होती. माणिकराव अंथरुणावर होते तेव्हाच ती मोकळी झाली असती आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती तिथल्या एका बाकावर बसून रडली. शेजारी पुस्तक चाळणाऱ्या एका वकिलानं खुर्ची जरा लांब ओढून घेतली.

डोळे पुसून तिनं पुन्हा वाचलं, आणि या वेळी तिचं बोट दुसऱ्याच ठिकाणी थांबलं. ज्यांच्या कानी खबर साहजिकच आली असती. म्हणजे कोण? बायकोच्या? लग्न होऊन वर्ष-दीड वर्ष झालेल्या बायकोला सोडून जाणारा तिला कशाला कळवेल? भावाशी त्याचं बांधावरून वाकडं होतं. हरिओमनं कळवलं असतं तर ते आईला.

सुमंगलाबाई परत आल्यावर तिनं हेच सांगितलं. साक्षीला सासूबाईंना घ्या. सुमंगलाबाईंचा बेत वेगळा होता: शिवकन्या स्वतः आणि गावचा पोलीस पाटील सटवाजी, एवढे दोन साक्षीदार पुरे. म्हातारी माणसं पिंजऱ्यात उभी राहिली की काय बोलतील याचा नेम नसतो, त्या म्हणाल्या. पण शिवकन्येनं हट्ट सोडला नाही, तेव्हा त्यांनी एक जाड पुस्तक काढून जुने निकाल चाळले. त्यात एक असा निघाला, की घरच्यांनी दावा आणला आणि हरवलेल्याच्या आईलाच साक्षीला आणलं नाही, म्हणून कोर्टानं तो फेटाळला. सुमंगलाबाईंनी तिला तो मराठीत सांगितला आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहून म्हणाल्या की तुझं बरोबर आहे. शिवकन्या परतीच्या गाडीत खिडकीशी बसून हसत होती. वकिलाच्या नजरेतून सुटलेलं तिला सापडलं होतं, आणि अशा गोष्टीचा गर्व कुणाला होत नाही?

घरी आल्यावर तिनं सासूला सगळं सांगितलं. नर्मदाबाई बराच वेळ गोठ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझं वय हाय. कर तू. आमी कशाला आडवं येऊ?" शिवकन्येला वाटलं, असली सासू सात जन्म मिळावी.

दावा लागला. सरकारही त्यात पक्षकार होतं, पेपरात नोटीस आली, हरिओमला ओळखणाऱ्यांनी हजर व्हावं म्हणून. कुणी आलं नाही. शिवकन्येची साक्ष झाली, सटवाजी पाटलाची झाली. साक्ष म्हणजे आधी सगळं शपथपत्रावर टाइप करून आणतात. नर्मदाबाईंचंही तसं झालं. सुमंगलाबाईंच्या टेबलाशी त्यांना ते वाचून दाखवलं: माझ्या मुलाबाबत बारा वर्षांत मला काही कळलेलं नाही, माझ्या मते तो हयात नाही. म्हातारीनं ऐकलं, डावा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. मग बाहेर येऊन अंगठा भिंतीला पुसत बसली. पुसून झाला तरी पुसतच होती. शाई लवकर जात नाही, शिवकन्या म्हणाली.

साक्षीच्या तारखेला श्रीराम ड्यूटी बदलून घेऊन पूर्णेहून आला. आज उलटतपासणी झाली की पुढच्या तारखेला निकाल, असं सुमंगलाबाईंनी सांगितलं होतं. श्रीरामनं बहिणीकडून एक साडी आणवून ठेवली होती म्हणे, हे शिवकन्येला त्याच सकाळी कळलं. कोर्टाच्या नळावर तिनं दोनदा तोंड धुतलं.

नर्मदाबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी कपाळापर्यंत ओढून घेतला होता. ईश्वराची शपथ झाली. शपथपत्रावरचा अंगठा तुमचाच का, म्हणून विचारलं, त्या हो म्हणाल्या. सरकारी वकील उभा राहिला. त्यानं फाइल धड वाचलीही नसावी. अशा दाव्यात जे विचारतात तेच त्यानं विचारलं. मुलगा गेल्यापासून त्याचा काही फोन, पत्र, निरोप? उत्तर 'नाही' येणार हे धरूनच तो पुढच्या फाइलची नाडी सोडायला लागला.

उत्तर आलं नाही. न्यायाधीश बाई तरुण होत्या, मायेनं म्हणाल्या, घाबरू नका आजी, हो की नाही एवढंच सांगा.

"मी आंगठा दिलाय ना," नर्मदाबाई म्हणाल्या.

"तो दिलाय. पण तोंडानंही सांगावं लागतं."

म्हातारीनं कठडा घट्ट धरला. तिच्या हिशेबात कागद वेगळा आणि तोंड वेगळं. कागद काय, सोसायटीत, रेशनला, बँकेत, जन्मभर लोकांनी सांगितलं तिथं तिनं अंगठा उठवला होता. कशावर उठवला ते देवही विचारणार नव्हता. पण आईच्या जिभेवरचं लेकराला लागतं. संतापाच्या भरात मर मेल्या म्हटलं तरी आया पटकन थुंकून टाकतात, ते काही उगीच नाही. हे तिला वकिलाच्या टेबलाशी कुणी सांगितलं नव्हतं, की कागदावरचं पुन्हा तोंडानं म्हणायला लावतील.

"बाईसाब, तोंडानं न्हाई म्हणता येत," ती म्हणाली. "मायच्या तोंडचं लेकराला लागतंय. जित्या लेकराला मेला कसं म्हणू?"

टाइप करणाऱ्याचा हात थांबला. न्यायाधीश बाईंनी विचारलं, जिवंत आहे हे तुम्हाला कशावरून माहीत? मग बांध फुटावा तसं सगळं बाहेर आलं. माणिकराव अंथरुणाला खिळल्याचं हरिओमला कुणाकडून तरी कळलं आणि त्यानं पहिला फोन केला. त्यानंतर दर दिवाळीत पाडव्याला येतो. तो सुरतेकडे आहे. तिथं त्यानं घर केलंय, बाई आहे, दोन लेकरं आहेत. घरी सांगू नको म्हणाला, म्हणून सांगितलं नाही.

दर पाडव्याला म्हातारी मोबाइल घेऊन गोठ्यात जाऊन बोलायची, हे शिवकन्येला माहीत होतं. म्हातारी आपल्या भावाशी बोलते असं तिला वाटायचं. आत फराळाचं ताट करून ती सासूला हाक मारायची, आत्याबाई, गार होतंय.

न्यायाधीश बाईंनी सगळं उतरवून घेतलं. कोर्टाच्या ओसरीत आल्यावर सुमंगलाबाई म्हणाल्या की हा दावा आता संपला. दुसरा लावता येईल, नवरा सोडून गेला म्हणून घटस्फोटाचा, पण त्याचा पत्ता हुडकायचा, नोटीस जायची, तो यायचा नाही, पुन्हा तारखा. होईल, पण वेळ जाईल. म्हातारीला साक्षीला घेऊ नको असं मी म्हणाले होते, एवढं मात्र त्यांनी तोंडातून काढलं नाही, आणि शिवकन्येला तेच जास्त लागलं. त्या पुस्तकातली ती ओळ तिनं स्वतः हुडकली होती. ज्यांच्या कानी खबर आली असती, त्यांच्या कानी ती खरंच आलेली होती. कायदा लिहिणारा नर्मदाबाईंना ओळखून होता, सूनच ओळखत नव्हती.

श्रीराम बाकावरून उठून आला. त्यानं दारातून सगळं ऐकलं होतं. मी थांबलो असतो, तो म्हणाला, पण माय न्हाई थांबायची आता. त्याचा चेहरा खरोखर पडला होता. पाण्याची बाटली त्यानं तिच्या हातात दिली आणि तो स्टेशनकडे निघाला. वळून पाहील म्हणून ती उभी राहिली. तो गर्दीत दिसेनासा झाला तरी उभी होती.

एस.टी.त ती सासूपासून लांब, मागच्या बाकावर बसली. गंगाखेड सुटल्यावर म्हातारी डुगडुगत उठली, दांड्यांना धरत धरत मागे आली आणि तिच्या शेजारी बसली. रस्ता खराब, बस उसळत होती. शिवकन्येच्या मनात आलं की हिला या बसमधून ढकलून द्यावं. खरंच आलं. ज्या म्हाताऱ्याची घाण तिनं उपसली, त्याच्याच उशाशी बसून ही लेकाची खुशाली मनात घोळवत होती.

"का न्हाई सांगितलं मला?" शेवटी तिनं विचारलं.

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस," नर्मदाबाई म्हणाल्या. "म्हातारा आंथरुणात होता. आमचं कोन केलं असतं?"

यात माफी नव्हती, कांगावाही नव्हता. जे होतं ते सांगितलं होतं. आणि ते खरं होतं. ती गेली असती. म्हातारीनं आपल्या जीवनाचा हिशेब बरोबर केला होता आणि त्यात शिवकन्येचं आयुष्य खर्ची घातलं होतं.

बस एका फाट्यावर थांबली, दोघे-तिघे उतरले, पुन्हा निघाली. आणि मग शिवकन्येनं ते विचारलं, जे विचारायचं नाही असं तिनं कोर्टातून निघाल्यापासून ठरवलं होतं.

"माझं काय इचारलं का त्यानं? येकदा तरी?"

नर्मदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "इचारतो की," त्या लगेच म्हणाल्या. "दर बारीला इचारतो. शिवकन्या कशी हाय, म्हणतो. शिवकन्येला जप, म्हणतो."

न्यायाधीश बाईंसमोर म्हातारीच्या तोंडून खोटं निघालं नव्हतं. इथं ते असं भरभर निघालं. त्यांच्या घरात नवरे बायकोचं नाव घेत नाहीत. माणिकरावांनी नर्मदाबाईंना मरेपर्यंत नावानं हाक मारली नव्हती, आणि हरिओमनं लग्नातला उखाणा सोडला तर शिवकन्येचं नाव कधी उच्चारलंच नव्हतं. 'अगं ए' म्हणायचा. बहुधा आता त्याला ते आठवतही नसेल.

"बरं," शिवकन्या म्हणाली.

कंडक्टर तिकिटं तपासत मागे आला. दोघींची तिकिटं तिच्याकडेच होती, ती तिनं काढून दाखवली.